'फॉरमॅट मारून देतो, पाचशे रुपये!'

विंडोज १० ची मुदत संपली आणि घरोघरचे जुने कॉम्प्युटर एका रात्रीत म्हातारे ठरले. पण भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक पेनड्राइव्ह बनवून बघा. स्वतःच्या हाताने.

नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या-पाऊण तासात आमचं अर्धापूर येतं. बाहेरच्या माणसाला ते केळीसाठी माहीत असतं, कुणाला पानमळ्यांसाठी. रोडवर उभं राहिलात तर केळीच्या घडांनी भरलेले ट्रक दिसतील, खत-बियाण्यांची दुकानं दिसतील आणि दर चार दुकानांआड एक बोर्ड दिसेल : 'झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पॅनकार्ड, विंडोज टाकून मिळेल.' टाकून मिळेल! जणू सायकलच्या ट्यूबमध्ये हवाच भरायचीय.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आम्हीही आमच्या कॉम्प्युटरचं धूड बाइकवर मधे धरून अशाच एका दुकानात नेलं. २०१४ मध्ये घेतलेला डेस्कटॉप. त्या वर्षी केळीला बरा भाव लागला म्हणून बाबांनी हौसेने आणलेला. आत चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. माझे अॅडमिशनचे सगळे फॉर्म त्याच्यावर भरले गेले, आता बहीण त्याच्यावर मराठी टायपिंगची प्रॅक्टिस करते. चालू व्हायला दहा मिनिटं घ्यायचा, पण चालायचा. मग एक दिवस स्क्रीनवर भलीमोठी सूचना आली, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय म्हणून.

दुकानदाराने डबा उघडलासुद्धा नाही. "ह्याच्यावर अकरा चढत नाही. नवा घेऊन टाका. नाहीतर फॉरमॅट मारून देतो, पाचशे रुपये. चालंल अजून वर्ष-दोन वर्षं."

"अन् आतलं सगळं?" बाबांनी विचारलं.

"ते जाईल की."

मी म्हटलं, राहू द्या, मी घरी करतो. तेव्हा बाबांनी ज्या नजरेनं माझ्याकडे बघितलं, ती नजर मला बरोबर समजली. कारण दोन वर्षांपूर्वीही मी 'घरीच केलं' होतं आणि त्यात आजीच्या आठ ओव्या गेल्या होत्या. त्याच्याकडे येतोच. आधी हे बूटेबल पेनड्राइव्हचं प्रकरण नेमकं आहे काय, ते बघू.

घड आणून ठेवला म्हणून बाग लागत नाही

पेनड्राइव्ह बनवायला बसलेला जवळपास प्रत्येक जण पहिली चूक एकच करतो. विंडोजची नाहीतर लिनक्सची आयएसओ फाइल डाउनलोड करतो, पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करतो, कॉम्प्युटर रिस्टार्ट करतो आणि काळ्या स्क्रीनकडे बघत बसतो. 'नो बूटेबल डिव्हाइस'. मी बारावीत असताना हे तीनदा केलं. तिसऱ्यांदा तर पेनड्राइव्हच खराब दिला म्हणून मित्राशी भांडलो.

आमच्या गावच्या भाषेत सांगतो. केळीचा घड शेतात नेऊन ठेवला म्हणून बाग उभी राहत नाही. कंद लावावा लागतो, ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या खोलीवर. केळीचं कुणी बी पेरत नाही. मूळ झाडाचा कंद किंवा मुनवा घेतात आणि त्यातून तेच झाड पुन्हा उभं राहतं. डिस्क इमेज म्हणजे असा कंद. एखाद्या सीडीवर किंवा डिस्कवर पहिल्या कप्प्यापासून शेवटच्या कप्प्यापर्यंत जे जे ज्या क्रमाने आहे, ते त्याच क्रमाने उतरवून घेतलेली एकच मोठी फाइल. आतल्या फाइली तर त्यात आल्याच, शिवाय त्या कुठे ठेवल्यात, सुरुवात कुठून करायची, हेही आलं. आणि म्हणूनच ती पेनड्राइव्हवर नुसती ठेवून भागत नाही, जागच्या जागी लिहावी लागते.

जागच्या जागी म्हणजे कुठे? पॉवरचं बटन दाबलं त्या क्षणी कॉम्प्युटरला विंडोज माहीत नसतं आणि लिनक्सही माहीत नसतं. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये छोटासा प्रोग्राम असतो, तेवढाच जागा असतो. जुन्या मशीनवर त्याला बायोस म्हणतात, अलीकडच्या मशीनवर यूईएफआय. बायोस डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचतो आणि त्यातल्या शेवटच्या दोन बाइटांवर नजर टाकतो. तिथे ५५ आणि एए अशी खूण असली, की 'इथं कुणीतरी आहे' असं समजून कारभार त्याच्या हाती देतो. नसली तर पुढच्या डिस्कचं दार वाजवतो. यूईएफआय थोडा जास्त शिकलेला. तो पार्टिशन उघडतो, त्यात 'ईएफआय' नावाचं फोल्डर, त्याच्या आत 'बूट' नावाचं फोल्डर आणि त्यातली ठरलेल्या नावाची फाइल शोधतो. तुम्ही पेस्ट केलेली आयएसओ यातल्या कुठल्याच जागी नसते. ती बंद पेटीसारखी कोपऱ्यात पडलेली असते.

यूईएफआयच्या मशीनवर ती पेटी उघडून आतल्या सगळ्या फाइली फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर टाकल्या तरी बऱ्याचदा काम होतं, हे खरं. पण फॅट३२ मध्ये ४ जीबीची एक फाइलही मावत नाही, आणि विंडोजच्या इमेजमधली मुख्य फाइल हल्ली सर्रास त्याच्या वर जाते. मग 'फाइल टू लार्ज' वाचून लोक पुन्हा पेनड्राइव्हलाच शिव्या घालतात.

आयएसओ या नावाचीही एक गंमत आहे. सीडीवर फाइली कशा मांडायच्या याचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये ठरलं, त्याचा नंबर आयएसओ ९६६०. सीडी गेल्या, नाव राहिलं. पण सीडी घालून कॉम्प्युटर सुरू करायची सोय त्या मानकात नव्हती. आधी फ्लॉपी घाला, मग सीडी. ही कटकट १९९५ मध्ये फीनिक्स आणि आयबीएम या दोन कंपन्यांनी मिटवली आणि त्या पद्धतीला नाव दिलं 'एल टोरिटो'. कॅलिफोर्नियातल्या ज्या हॉटेलात जेवता जेवता ही कल्पना शिजली म्हणतात, त्या हॉटेलचं हे नाव! आजही तुमच्या आयएसओच्या पोटात ते हॉटेल असतं.

माझ्या चुलतभावाकडे, दादाकडे, उबुंटूची एक सीडी अजून आहे. तेव्हा उबुंटूवाले मागेल त्याला पोस्टाने फुकट सीडी पाठवायचे. २००५ ते २०११ ही स्कीम चालली. अर्धापूरच्या पोस्टमनने परदेशातून आलेलं ते पाकीट दारात दिलं तेव्हा काकूंना वाटलं, पोराला फॉरेनची नोकरी लागली.

दोन पेनड्राइव्ह, एकाच रंगाचे

आता ओव्या.

आजीला जात्यावरच्या ओव्या पाठ. जातं आता घरात नाही, गिरणीत जातो आम्ही, पण सकाळी चहा होईपर्यंत ती पुटपुटत असते. २०२२ च्या दिवाळीत मी मोबाइलवर तिच्या एकोणीस ओव्या रेकॉर्ड केल्या. दोन-दोन, चार-चार करत. मोबाइल भरत आला तशा पेनड्राइव्हवर हलवल्या. कॉपी नाही, कट करून. त्याच पेनड्राइव्हवर मधेच मामाच्या लग्नाचे व्हिडिओ टाकले, मग राहिलेल्या ओव्या.

२०२३ च्या उन्हाळ्यात एका मित्राच्या लॅपटॉपसाठी लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह बनवायला बसलो. रुफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही. वर पेनड्राइव्ह निवडायचा, खाली आयएसओ निवडायची, 'स्टार्ट' दाबायचं. इतकं सोपं की माणूस बेफिकीर होतो. मशीनला दोन पेनड्राइव्ह लावलेले होते, दोन्ही ३२ जीबीचे, एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. रुफसने विचारलंही, या ड्राइव्हवरचं सगळं नष्ट होईल, चालेल का? मी 'ओके' केलं. असल्या पाट्या आपण वाचतो कुठं?

पाच मिनिटांनी मित्राचा पेनड्राइव्ह उघडून बघितला तर त्यात त्याचीच गाणी. पोटात खड्डा पडला.

आजी ओसरीवर बसलेली. "काय करूलालास रे इतका वेळ?" मी म्हटलं काही नाही. आणि नांदेडच्या होस्टेलवर राहणाऱ्या, इंजिनीअरिंग करणाऱ्या दादाला फोन लावला. तो उबुंटूच्या सीडीवाला दादा हाच. तो जे बोलला ते मी वहीत लिहून ठेवलंय : "त्या पेनड्राइव्हला आता हात लावू नको. त्याच्यावर काही कॉपी करू नको, फॉरमॅट मारू नको. आधी त्याची इमेज काढ."

मला वाटलं हा चेष्टा करतोय. इमेजनेच तर घात केला, अन् आता इमेज काढ?

पण त्याचं बरोबर होतं. मिंटची इमेज साधारण ३ जीबीची होती. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर तिने पहिले ३ जीबी पुसून टाकले. पुढच्या २९ जीबीला कॉम्प्युटर 'रिकामं' म्हणत होता, कारण कुठे काय ठेवलंय याची यादी सुरुवातीला असते आणि ती गेली होती. माल तसाच होता. गोदामाचं रजिस्टर जळालं म्हणून पोती जळत नाहीत. मात्र 'रिकाम्या' जागेवर नवीन काही लिहिलं असतं तर ती पोतीही गेली असती. म्हणून आधी लिनक्सच्या डीडी नावाच्या कमांडने अख्ख्या पेनड्राइव्हची, रिकाम्या जागेसकट, पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत इमेज हार्डडिस्कवर काढून घेतली. या डीडीत काय वाचायचं आणि कुठे लिहायचं, ही दोन नावं उलटी झाली तर खेळ खलास, म्हणून एंटर दाबायच्या आधी तीनदा वाचलं, बहिणीकडूनही वाचून घेतलं. मग फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्या इमेजवर चालवलं. मूळ पेनड्राइव्ह कपाटात. फोटोरेक यादी बघतच नाही. फोटोची, ऑडिओची, व्हिडिओची प्रत्येक जातीची फाइल कशी सुरू होते ते त्याला माहीत असतं, तसे तुकडे हुडकत तो कप्प्याकप्प्याने जातो.

रात्री दोनपर्यंत चाललं. लग्नाचे बरेचसे व्हिडिओ परत आले (मामीला आनंद). ओव्या अकरा आल्या. लग्नाच्या आधी भरलेल्या आठ पेनड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात होत्या, त्यांच्यावर मिंट बसलं होतं. त्या गेल्या, कायमच्या. आलेल्यांची नावंही गेली होती, नुसते एफ आणि पुढे आकडे. दुसऱ्या दिवशी आजीला एकेक ऐकवून नावं पुन्हा दिली.

तेव्हापासून माझा नियम : बूटेबल बनवताना मशीनला एकच पेनड्राइव्ह. बाकी सगळं बाहेर. आणि त्या एका पेनड्राइव्हला लाल चिकटपट्टी.

घोड्याचे दात

माळेगावच्या जत्रेत घोडा घ्यायचा तर जाणता माणूस आधी तोंड उघडून दात बघतो. आयएसओचेही दात बघता येतात, आणि आपल्याकडे ते कुणीच बघत नाही.

इमेज जिथून उतरवायची त्या मूळ साइटवर एक लांबलचक आकडा दिलेला असतो, एसएचए-२५६ नावाचा. चौसष्ट अक्षरं, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. तुमच्याकडे उतरलेल्या फाइलवरून तसाच आकडा काढायचा आणि जुळवायचा. फाइलमधला एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी आकडा पूर्ण बदलतो. सेव्हन-झिप इन्स्टॉल असेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'सीआरसी एसएचए'मध्ये तो मिळतो. आमच्याकडे रोजच्या दीड-दोन जीबीच्या डेटा पॅकवर ३ जीबीची फाइल दोन दिवसांत उतरते, मधे लाइट जाते, रेंज जाते, फाइल अर्धवट राहते. अशा फाइलने बनवलेला पेनड्राइव्ह इन्स्टॉल करताना सत्तर टक्क्यांवर अडकतो. जुळवून बघायला दोन मिनिटं लागतात. (लिनक्सच्या बहुतेक इमेज टॉरेंटनेही मिळतात. ते पूर्ण कायदेशीर आहे, आणि टॉरेंट प्रत्येक तुकडा स्वतःच तपासून घेतो. टॉरेंट म्हणजे फक्त पिक्चर, असं घरच्यांना वाटत असेल तर हे दाखवा.)

फाइल अर्धवट असणं हा साधा आजार. विषारी असणं हा मोठा. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द लिनक्स मिंटच्या वेबसाइटमध्ये हॅकर घुसले आणि डाउनलोडची लिंक बदलून, मागचं दार उघडं ठेवलेली बनावट आयएसओ लोकांच्या हातात दिली. मिंटवाल्यांनी लगेच कबुली दिली, अस्सल इमेजचे आकडे जाहीर केले आणि सांगितलं, जुळत नसेल तर डीव्हीडी फेकून द्या, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. मूळ साइटवर जर असं होऊ शकतं, तर 'अॅक्टिव्हेटेड, ऑल सॉफ्टवेअर लोडेड' असं मार्करने लिहिलेल्या डीव्हीडीत काय काय लोड केलेलं असेल? ती इमेज कुणी बनवली, कुणालाच ठाऊक नसतं. अॅक्टिव्हेटर चालावा म्हणून अँटिव्हायरस आधीच बंद करून ठेवलेला असतो. आणि त्याच कॉम्प्युटरवर आपण आधार टाकतो, बँकेचा पासवर्ड टाकतो, स्कॉलरशिपचा फॉर्म भरतो.

मी दुकानदारांना चोर म्हणत नाही. त्यांनाही कुणीतरी ती डीव्हीडी दिलेली असते. पण विंडोजची अस्सल इमेज मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मिळते, त्यांचंच मीडिया क्रिएशन टूल ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती लिहूनही देतं. आणि ज्या मशीनवर आधी अस्सल विंडोज १० किंवा ११ अॅक्टिव्हेट झालेलं आहे, त्यावर तीच आवृत्ती पुन्हा टाकली तर नेटला जोडल्यावर ते बहुतेक वेळा आपोआप अॅक्टिव्हेट होतं, कारण ते लायसन्स मशीनच्या नावाने नोंदलेलं असतं. बऱ्याच लॅपटॉपवाल्यांना हे माहीतच नाही, आणि ते स्वतःचं अस्सल विंडोज पुसून पैसे देऊन चोरीचं टाकून आणतात.

बाबांसमोर परीक्षा

तर आमचा डबा. दुकानदाराचं एक म्हणणं खरं होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. आमचा चौथ्या पिढीचा. रुफसमध्ये ही अट गाळून टाकायचा पर्याय आहे. करून बघता येतं, पण पुढे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि ४ जीबी रॅमवर ते गोगलगायीसारखं चालतं. विंडोज १० लाच घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून मिळतात, नाव नोंदवलं तर. ज्याला काहीच बदलायचं नाही त्याने निदान तेवढं करावं. मी लिनक्सकडे वळलो.

यावेळी घाई नाही केली. व्हेंटॉय नावाचं एक भारी साधन आहे. ते पेनड्राइव्हवर एकदा बसवायचं (तेव्हा पेनड्राइव्ह पुसला जातो, लक्षात ठेवा), त्यानंतर मात्र आयएसओ खरंच कॉपी-पेस्ट करायच्या, हव्या तेवढ्या. चालू करताना मेनू येतो, कोणती हवी ती निवडायची. कंद एकदा लावून ठेवला, की मग घड आणून टाकत राहा! माझ्या लाल पट्टीच्या पेनड्राइव्हवर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती आहे, विंडोज ११ आहे, आणि क्लोनझिला आहे.

सगळ्यात आधी क्लोनझिलाच चालवलं. त्याने अख्ख्या जुन्या हार्डडिस्कची इमेज दादाकडून आणलेल्या एक्स्टर्नल डिस्कवर काढून दिली, विंडोज, फोटो, बहिणीचं टायपिंगचं सॉफ्टवेअर, सगळ्यासकट. चार तास लागले. बाबा मधून मधून येऊन विचारायचे, "गेलं का काही?" काहीच गेलं नाही. आता मी काहीही बिघडवलं असतं तरी डिस्क होती तशी परत उभी करता आली असती. कुणी पाचशे रुपयांत फॉरमॅट मारून देणार असेल तर त्याला एवढंच विचारा, आधी इमेज काढून देणार का?

मग मिंट 'लाइव्ह' चालवलं. म्हणजे पेनड्राइव्हवरून थेट, हार्डडिस्कला न शिवता. इन्स्टॉल करायच्या आधी चार दिवस वापरून बघायचं, पटलं नाही तर बंद करून पेनड्राइव्ह काढायचा, जुनं विंडोज जागेवरच. २००० साली क्लाउस क्नॉपर नावाच्या जर्मन माणसाच्या क्नॉपिक्सने ही लाइव्ह सीडीची कल्पना जगभर नेली. त्या चार दिवसांत बघायच्या गोष्टी म्हणजे वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का. आमचा प्रिंटर लागला. मराठी कीबोर्ड सेटिंगमध्ये मिळाला, इनस्क्रिप्ट. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली मराठी पत्रं मात्र चिनी-जपानी दिसायला लागली. त्यांना तो फॉन्ट लागतोच. बहिणीच्या क्लासने दिलेलं टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालेना.

म्हणून तोडगा असा काढला : अठराशे रुपयांची एक एसएसडी आणली, तिच्यावर मिंट टाकलं. जुनी हार्डडिस्क तशीच आत ठेवली, तिच्यावरचं विंडोज फक्त टायपिंगसाठी, नेट बंद करून. चालू करताना बूट मेनूची की दाबायची आणि डिस्क निवडायची. ही की प्रत्येक कंपनीची वेगळी, कुठे एफ१२, कुठे एफ९, कुठे एस्केप. तुमची शोधून डब्यावर चिठ्ठी लावून ठेवा. इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क'चा पर्याय आला तेव्हा मी हार्डडिस्कची वायर सरळ काढूनच ठेवली होती. डिस्कच नाही तर पुसणार काय? दहा मिनिटं घेणारा डबा आता अर्ध्या मिनिटात उठतो. ब्राउझरचे पंधरा टॅब उघडले तर अजूनही धापा टाकतो; रॅम ४ जीबीच आहे, चमत्कार काही झालेला नाही.

नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी एक सूचना, मोठ्या आवाजात : बायोसच्या सेटिंगला हात लावण्याआधी तुमच्या विंडोजमध्ये बिटलॉकर चालू आहे का बघा आणि त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. नाहीतर लॅपटॉप उद्या अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागेल आणि तुमच्याकडे ती नसेल.

सगळ्यांना मी लिनक्स टाका म्हणत नाही. सेवा केंद्र चालवणारा एक मित्र फार मागे लागला होता. त्याच्या मशीनवर लाइव्ह चालवलं, अंगठ्याचं मशीन लावलं, ते चाललं नाही. विषय तिथंच संपवला. अंगठा चालला नाही तर त्याच्या दारातली रांग कुठे जाणार? त्याचं पोट त्याच्यावर आहे. पण ज्याला ब्राउझर, पीडीएफ, थोडं टायपिंग आणि यूट्यूबवरचे क्लास एवढंच लागतं, त्याने भिण्यासारखं यात काही नाही. केरळच्या सरकारी शाळांमधली पोरं कितीतरी वर्षं लिनक्सवर शिकतायत. आपल्या सी-डॅकने २००७ पासून बॉस नावाचं भारतीय भाषांचं लिनक्स दिलंय. आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात, फुकट.

बहिणीच्या क्लासमधल्या दोघींनी आता स्वतःचे पेनड्राइव्ह बनवलेत. एकीने तर आकडा जुळला नाही म्हणून ३ जीबीची फाइल पुन्हा उतरवली, मला न विचारता.

परवा आजीने मोबाइलकडे बोट दाखवून विचारलं, "त्याच्यात हाय का रे अजून माझा आवाज?" आहे म्हटलं, अकरा. तीन ठिकाणी ठेवलाय. गेलेल्या आठमधल्या कोणकोणत्या होत्या ते तिलाही नीट आठवत नाही. पण चहा ठेवला की एखादी अचानक ओठावर येते, म्हणून सकाळी मोबाइल चार्ज करूनच स्वयंपाकघरात नेतो. आतापर्यंत तीन सापडल्यात.